फाटका झेंडा पेटीत पडून आहे? त्याचं काय करायचं ते सगळं सांगतो

मागच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गुरुजींनी स्टोअर रूम साफ करायला काढली तेव्हा पोषण आहाराच्या रिकाम्या पोत्यांमागून एक पत्र्याची पेटी निघाली. आत सगळे झेंडेच. एक मोठा खादीचा, उंदरानं घडीवर घडी कुरतडलेला, त्यामुळे उघडला की कागदाच्या कातरकामासारखी ओळीनं एकसारखी भोकं दिसत होती. पाच-सहा पॉलिस्टरचे, केशरी उडून पिवळट झालेला. आणि तळाला काडीवाले छोटे, कागदाचे आणि प्लास्टिकचे मिसळून, शे-दीडशे तरी असतील. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे म्हणून मला फोन आला, "भाऊ, येऊन जा जरा, एक विषय हाय." विषय काय तर ह्याचं करायचं काय. फेकता येत नाही, जाळायची भीती वाटते, आणि ठेवून दिले की उंदरं आहेतच. आधीच्या हेडमास्तरांनी पण हेच केलं असणार, पेटी उघडली, पाहिली, परत लावून टाकली.

हे काय फक्त आमच्याच शाळेत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हर घर तिरंगा झालं, पोस्टात २५ रुपयाला २० बाय ३० इंचाचा पॉलिस्टरचा झेंडा मिळत होता, गावात जवळपास प्रत्येक घरावर लागला. चांगलंच झालं. पण त्यातले कितीक अजून कुठं माळ्यावर, कुठं देवघराच्या मागं, कुठं टीव्हीच्या खोक्यात पडून आहेत आणि दोन-चार तर अजून टिनाच्या काठाला तसेच लोंबतायत, अर्धा कपडा वाऱ्यानं खाल्लेला. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "जायला तं जेल होते ना बाप्पा." म्हणजे जाळला तर जेल.

तर आधी ही भीती काढू, कारण ही गेल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की झेंडा फाटला किंवा मळून खराब झाला की तो अख्खाच्या अख्खा, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा झेंड्याचा मान राहील अशा दुसऱ्या कोणत्याही पद्धतीनं नष्ट करायचा. म्हणजे जाळणं हा गुन्हा तर नाहीच, उलट पहिली पसंती तीच आहे. मग जेलची गोष्ट कुठून आली? ती १९७१ च्या कायद्यातून आली, राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखायचा जो कायदा आहे त्यातून. सार्वजनिक जागी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंडा जाळला, फाडला, तुडवला, विटंबना केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असं त्यात आहे. लोकांना हा कायदा ऐकून माहीत आहे आणि संहिता माहीत नाही, म्हणून सगळा घोळ. आणि गंमत अशी की फाटका, विस्कटलेला झेंडा लावायचा नाही हे पण त्याच संहितेत आहे, म्हणजे टिनावर लोंबणारा तो अर्धा झेंडा नियमात बसत नाही आणि तो उतरवून घरामागं शांतपणे जाळणारा माणूस मात्र नियमानंच चाललाय.

संहितेतले दोनच शब्द पक्के धरा, अख्खा आणि खाजगीत. बाकी सगळं ह्या दोनातूनच निघतं.

झेंडा खरंच संपला का, ते आधी पहा

उन्हात उघडून पहा, घरात अंधारात नाही समजत. आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात रंग आधी मरतो आणि मग वारा मोकळी कड खातो. खांबाकडची बाजू बरीच टिकते, दुसरी बाजू आधी विस्कटते, दोरे निघतात, मग चिंध्या. केशरी आणि पांढरा पट्टा लांबून वेगळा कळत नसेल, चक्राला चीर गेली असेल, उंदरानं-वाळवीनं खाल्लं असेल, गंजाचे किंवा ऑइलचे डाग बसले असतील तर तो झेंडा झाला, आता त्याला परत लावायचं नाही.

नुसती धूळ बसली असेल तर मात्र घाई नका करू. स्वच्छ बादलीत साध्या साबणाच्या पाण्यानं हातानं हलकं धुवा, बाकीच्या कपड्यांसोबत नको, आणि सावलीत वाळवा, पण पसरून, जमिनीला लागणार नाही असं. कडेची शिलाई उसवली असेल तर टेलरकडून तेवढी मारून घेतली तर माझ्या मते काही बिघडत नाही. ठिगळ मात्र नको. ठिगळ लावलेला झेंडा खांबावर चांगला दिसत नाही, आणि ज्याला ठिगळ लागतं त्याचे दिवस भरलेलेच असतात.

दोन प्रकारचे झेंडे मात्र कितीही जुने असोत, जाळायचे नाहीत. एक, शहीद जवानाच्या पार्थिवावरचा जो घरच्यांना दिलेला असतो तो. तो ठेवायचा असतो, काचेच्या पेटीत ठेवा. दुसरा, चरख्याचा झेंडा. चक्रवाला झेंडा संविधान सभेनं २२ जुलै १९४७ ला स्वीकारला, त्याच्या आधीच्या तिरंग्यावर चरखा असायचा. आपला भाग असा आहे की असा झेंडा एखाद्या जुन्या वाड्याच्या संदुकीत खरंच निघू शकतो. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह १ मे पासून १८ ऑगस्टपर्यंत चालला, वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यात पकडले गेले, पुढं वल्लभभाई पटेलांनी तो चालवला, आणि किती लोकं फक्त झेंडा घेऊन रस्त्यानं चालले म्हणून जेलात गेले. तसलं काही सापडलं तर फाटकं असलं तरी संग्रहालयाला दाखवा.

कापड कोणतं आहे ते ओळखा

हे काम लोकं वगळतात, मी पण वगळलं होतं, आणि त्यातच माझी फजिती झाली. आधी फक्त खादी आणि तसलं हाताचं कापड चालायचं, ३० डिसेंबर २०२१ ला नियम बदलला आणि पॉलिस्टर, मशीनवरचं कापड पण चालायला लागलं. त्यामुळं आता घरोघरी जे आहे ते बहुतेक पॉलिस्टरच आहे.

ओळखायचं कसं, तर फाटक्या कडेला लोंबणारा एखादा सुटा दोरा आधीच असतो, तेवढाच घ्या, झेंडा कापायचा नाही. दोरा चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटावर घेतली की भुरभुर होते. पॉलिस्टर असेल तर दोरा आधी आखडतो, मग वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी तयार होतो, थंड झाल्यावर नखानं पण फुटत नाही. तो मणी एकदा हातात घेऊन पहा म्हणजे पुढं मी काय सांगतोय ते कळेल.

माझी फजिती अशी की पहिल्यांदा मी घरचाच एक झेंडा जाळला, २०२२ चा. खादी-पॉलिस्टर काही डोक्यात नव्हतं. दोन-चार काड्या पेटवल्या, त्यावर झेंडा ठेवला, जाळ कमी वाटला म्हणून पंपाच्या डबकीतलं थोडं डिझेल टाकलं. भक्कन भडका, मग काळा कुट्ट धूर, आणि झेंडा जळायच्या ऐवजी गोळा व्हायला लागला. वितळलेला एक थेंब उडून चपलेच्या पट्ट्याला चिकटला, पायाला लागला असता तर कातडं घेऊनच निघाला असता. धूर पाहून शेजारच्या मोठीमाय धावत आल्या, "काऊन रे, का जायतं तं?" आता काय सांगू. अर्धा जळालेला, अर्धा घट्ट झालेला तो गोळा पाहून मलाच कसंतरी झालं. झेंड्याला निरोप देतोय का टायर जाळतोय तेच कळेना. म्हणून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीच नको, आणि थोडक्या जाळावर तर मुळीच नको.

घडी

घडी घालूनच न्यायचा, बोळा करून नाही. एकट्यानं होत नाही, दोन माणसं लागतात. झेंडा आडवा ताणून धरा. वरचा केशरी आणि खालचा हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागं दुमडा, मग समोर फक्त पांढरी पट्टी आणि मधात चक्र राहील. आता डावी-उजवी बाजू अशी आत घ्या की वर चक्र दिसेल आणि कडेला केशरी-हिरव्याचा थोडा थोडा भाग दिसेल. मग ती घडी दोन्ही तळहातावर घेऊन चालायचं, काखेत मारून नाही.

यूट्यूबवर एक त्रिकोणी घडी दिसते, आणि त्याच व्हिडिओत कधी झेंड्याचे भाग कापून वेगळे करून मग जाळतात. ती अमेरिकेतली पद्धत आहे, त्यांच्या झेंड्यासाठी. आपल्याकडं झेंडा अख्खाच नष्ट करायचा, रंग वेगळे करायचे नाहीत, चक्र कापून काढायचं नाही. गावातल्या एका पोट्ट्यानं मला हेच विचारलं होतं, की भाऊ, चक्र तेवढं कापून फ्रेम करू का. नाही रे बाबा.

दोरी, लोखंडी कडी, प्लास्टिकची काडी हे वेगळं काढता येत असेल तर काढा. दोरी शिवलेलीच असेल तर तिच्यासाठी शिलाई उसवत बसू नका, राहू द्या.

जागा आणि वेळ

खाजगीत म्हणजे काय, तर रस्त्यावरून, चावडीवरून, बस स्टॉपवरून दिसणार नाही असं. घरामागची वाडी, वावरातला धुरा (बांध), शाळेचं मागचं आवार सुट्टीच्या दिवशी, असं काही. उकिरड्याजवळ नको, नालीजवळ नको, जिथं आधी कचरा जाळून जागा काळी झालीय तिथं नको. जागा झाडून पाणी शिंपडा. आम्ही शाळेच्या मागं कडुनिंबाखाली केलं, खोडापासून दहा-बारा पावलं सोडून, नाहीतर पानं होरपळतात.

आता आपल्या भागातली मेन गोष्ट. सोयाबीनची गंजी, कडबा, पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग, गुरांचा कोठा ह्यांच्यापासून लांब. एक ठिणगी उडाली आणि कोणाची गंजी गेली तर झेंड्याचा मान राहील बाजूला आणि भांडण होईल वेगळंच. उन्हाळ्यात दुपारी अजिबात नाही. सकाळी सहा-सातला वारा पडलेला असतो, तेव्हा करा. दोन बादल्या पाणी आणि एक टोपलं माती जवळ ठेवा.

परवानगी कोणाची घ्यावी लागते का? घरच्या झेंड्यासाठी संहितेत परवानगीची अट नाही. पण गावात धूर लपत नाही, आणि अर्धवट पाहणारा एक माणूस संध्याकाळपर्यंत अख्खं गाव पेटवू शकतो. म्हणून पोलीस पाटलाच्या आणि सरपंचाच्या कानावर घालून ठेवा. आम्ही आमच्या पोलीस पाटील भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मी बी येतो, माह्या घरीबी एक पडून हाय." असे त्या दिवशी तीन घरचे झेंडे वाढले.

मोबाईल खिशात. हे जोर देऊन सांगतो, कारण आजकाल लोकांना व्हिडिओ काढल्याशिवाय काही केल्यासारखंच वाटत नाही. तुम्ही वाडीत एकट्यानं जाळला पण स्टेटसला टाकला तर ते चारचौघांत केल्यासारखंच झालं, खाजगीत कुठं राहिलं? आणि तो व्हिडिओ पुढं कोणी मागचं-पुढचं कापून पाठवला की जळणारा झेंडा तेवढा दिसेल, त्याच्या मागची घडी आणि जोडलेले हात दिसणार नाहीत. आमच्यातल्या एकानं फोन काढलाच होता, गुरुजींनी नुसतं पाहिलं, त्यानं ठेवून दिला.

जाळणं

जाळ आधी नीट पेटू द्या, झेंडा नंतर. हाच क्रम चुकतो. खाली शेणाच्या गोवऱ्या, त्यावर वाळलेली तुराटी (तुरीच्या काड्या), मधात बाभळीची किंवा निंबाची दोन-तीन जाड लाकडं. पऱ्हाटी पण चालते पण ती लवकर भडकते आणि लवकर विझते, एकट्या पऱ्हाटीवर भरवसा ठेवू नका. पेटवायला कापूर घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी लाकडं लाल होतात, धूर कमी होतो, तेव्हा झेंडा आणायचा.

फेकायचा नाही, वरून सोडायचा पण नाही. हात भाजतो म्हणून आम्ही एका लांब फळीवर घडी ठेवली आणि फळी जाळावर नेऊन हळूच तिरपी केली, घडी घसरून बरोबर मधात बसली. खादीचा झेंडा अगदी शांत जळतो. आधी कड तपकिरी झाली, मग पिवळी ज्वाळा वर आली, आणि उंदरानं केलेल्या त्या भोकांतून क्षणभर ज्वाळा आरपार दिसली. पाच मिनिटांत सगळं झालं, वास पण नाही.

पॉलिस्टरचा असेल तर तो स्वच्छ सुती कपड्यात, जुन्या धुतलेल्या धोतरात वगैरे, गुंडाळून मग जाळावर द्या, म्हणजे वितळलेलं उडत नाही आणि कापडासोबत जळून जातं. एका वेळी एक, जास्तीत जास्त दोन. तुम्ही वाऱ्याच्या पाठीकडं उभं रहा, धूर तोंडावर घेऊ नका, लेकरांना लांब ठेवा, दमा असणाऱ्यानं येऊच नये. एक-दोनच असतील तर जाळा, पण ग्रामपंचायतीत पन्नास-साठ जमा झाले असतील तर एवढं पॉलिस्टर जाळायच्या भानगडीत मी पडणार नाही, त्यासाठी पुढं पुरायचं सांगितलंय ते करा.

लोकांचे प्रश्न असतात, जन गण मन म्हणायचं का, नारळ फोडायचा का, फुलं वाहायची का. संहितेत अशा कुठल्या विधीबद्दल काही नाही. आम्ही चपला काढून हात जोडून उभं राहिलो तेवढंच. चपला काढायचं गावातल्या एका काकाजींनी सांगितलं, नियमात नाही ते. त्यांचे वडील त्यांना आष्टीच्या गोष्टी सांगायचे, वर्धा जिल्ह्यातली आष्टी, जिथं १६ ऑगस्ट १९४२ ला लोकं पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेले आणि गोळीबार झाला. काकाजी म्हणाले, "ज्याच्यासाठी लोकं मेले त्याच्यापुढं चप्पल घालून उभं राह्यचं का?" मग कोण घालतो. मात्र अंत्यविधीसारखं करू नका, मंत्र-बिंत्र, तेरवी, हे आपल्या हौशीचं काम नाही. चितेवर तर मुळीच नाही, संहितेत हे स्पष्टच आहे की पार्थिवावरचा झेंडा चितेत जाळायचा नाही आणि कबरीत पण सोडायचा नाही.

पूर्ण जळेपर्यंत तिथून हलू नका. न जळालेला तुकडा लाकडानं अलगद मधात सरकवा. मग राख गार होऊ द्या, घाईनं पाणी ओतून चिखल करू नका. गार झाल्यावर राख घमेल्यात भरून जिथं पाय पडत नाही अशा झाडाच्या बुडाशी खड्डा करून टाका आणि मातीनं झाका. पॉलिस्टरचा टणक गोळा राहिला तर तो पण शोधून राखेसोबतच पुरा, आवारात पडू देऊ नका, कोंबड्या-कुत्रे नेतात आणि पोरं खेळायला घेतात.

पुरायचं असेल तर

संहितेत जाळणं "शक्यतो" आहे, झेंड्याचा मान राहील अशी दुसरी पद्धत पण चालते, आणि त्यात लोकांना पटणारी म्हणजे पुरणं. घडी घातलेले झेंडे लाकडी पेटीत ठेवायचे, आणि पेटी जमिनीत. सागाची पेटी बनवत बसायची गरज नाही, आंब्याचं लाकडी खोकं स्वच्छ करून, आतून पांढरं कापड लावून चालतं. नुसत्या मातीत झेंडा टाकू नका, संहितेत झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही असं आहेच.

आपल्याकडची काळी जमीन लक्षात घ्या. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो. वर-वर पुरलेलं एप्रिलमध्ये उघडं पडतं, आणि रानडुक्कर उकरतात ते वेगळंच. म्हणून दोन-अडीच हात खोल खणा, आणि जमलं तर काळी सोडून गावठाणातली पांढरी माती किंवा मुरमाड जागा पहा. नांगर, ट्रॅक्टर फिरतो ती जागा नको, पायवाट नको, पुढं घर बांधायची शक्यता आहे तिथं नको. वर एखादं झाड लावलं की जागा कोणी उकरत नाही, आम्ही कडुनिंबच लावला, गुरं खात नाहीत म्हणून.

खादी मातीत हळूहळू कुजते. पॉलिस्टर कुजत नाही, ते तिथंच राहणार. म्हणून मनात हे धरून चला की ती पेटी परत काढायची नाही.

नदीत सोडायचं का, हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. "गनपतीसारखा सोडून द्याचा वर्धेत." नाही. झेंडा पाण्यात ओढला जाऊ द्यायचा नाही असं संहितेत आहे, आणि वर्धेत सोडलेला झेंडा पुढच्या बंधाऱ्याला शेवाळात अडकून कसा दिसतो ते एकदा पाहिलं की परत कोणी हा विचार करणार नाही. मी पाहिलंय.

बाकी काय करायचं नाही ते तर सांगायला पण लाज वाटते पण पाहिलेलं आहे म्हणून सांगतो. बुजगावण्याला, बंडीच्या जुवाला बांधायला, हळदीच्या ढिगावर झाकायला, भांडेवालीला जुन्या कपड्यांसोबत द्यायला, गाडी पुसायला, नाही म्हणजे नाही.

काडीवाले छोटे झेंडे

२६ जानेवारीला प्रभातफेरी झाली, पोरांना बुंदी मिळाली, की झेंडा तिथंच पडतो. कागदाचे झेंडे जमिनीवर टाकायचे नाहीत, गोळा करून खाजगीत मानानं नष्ट करायचे, हे पण संहितेतच आहे. सोपा उपाय म्हणजे शाळेच्या गेटवर एक टोपलं, आणि दोन मोठ्या पोरींना तिथं उभं करायचं, ज्याचा झेंडा टोपल्यात त्याला बुंदीचं पाकीट. आमच्याकडं ह्या जानेवारीत रस्त्यावर एकच झेंडा सापडला आणि तो पण गुरुजींच्याच पोराचा. काड्या काढून कागद स्वच्छ घमेल्यात थोडे थोडे जाळले की झालं.

प्लास्टिकचे मात्र डोकेदुखी आहे. प्लास्टिकचा झेंडा वापरूच नका असं दरवर्षी सरकार सांगतं, तरी यात्रेत, चौकात तेच विकायला असतात. जाळायचे नाहीत, तो धूर विषारी असतो. आम्ही आमचे पुसून, सुती कापडात बांधून पुरायच्या त्याच लाकडी पेटीत घातले आणि पुरले. मला हे फार पटलेलं नाही, प्लास्टिक मातीत घालणं, पण उकिरड्यावर झेंडा दिसण्यापेक्षा बरं. दुसरा मार्ग तहसीलचा, रस्त्यावर-मैदानात पडलेले झेंडे गोळा करून तिथं जमा करता येतात, तालुक्याला चक्कर होणारच असेल तर विचारून घेऊन जा.

शाळा, ग्रामपंचायत असेल तर नोंद

घरच्या झेंड्याला कागद लागत नाही, पण सरकारी झेंडा रजिस्टरला चढलेला असतो, तो नुसता गायब करता येत नाही. जडवस्तू रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) काढा, झेंडा कधी घेतला ती नोंद शोधा, समितीच्या बैठकीत विषय घ्या, ठराव लिहा, मग निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरमधून कमी केल्याची, नोंद करा, तारीख, किती झेंडे, कोणत्या पद्धतीनं, कोण हजर होतं, आणि सह्या. आमच्या पेटीतला खादीचा झेंडा रजिस्टरला कुठंच सापडला नाही, तीन रजिस्टरं चाळली. शेवटी गुरुजींनी "जुन्या साठ्यात आढळलेला जीर्ण राष्ट्रध्वज, नग एक" असं लिहिलं.

नवा घ्यायचा तर मोजून घ्या, लांबी-रुंदी ३:२ पाहिजे, चक्र दोन्हीकडून दिसलं पाहिजे आणि आऱ्या २४, खरंच मोजा, बाजारात कमी-जास्त आऱ्यांचे पण मिळतात. शाळेसाठी खादीचाच घ्या, खादी भांडारात मिळतो, झेंड्याचं खादी कापड आपल्या राज्यात नांदेडला तयार होतं. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्री पण ठेवता येतो, पण मृगाच्या वादळात तो उतरवून घ्या, एका रात्रीच्या वाऱ्यात वर्षाचं कापड जातं. ठेवताना पूर्ण कोरडा करून, घडी पातळ सुती कापडात, वर-खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि पेटी पत्र्याची पण पोत्यांमागं नाही, हेडमास्तरच्या कपाटात.